बाची झांज आणि परक्या कंपनीचा रेडिओ

माझा बाप, आमचा बा, बहिरा होता असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. बहिरा नव्हता तो. त्याचे कान अकोल्याच्या एका कापसाच्या जिनाने खाल्ले. सरकी काढायची यंत्रं, त्यांना आमच्याकडे रेचे म्हणतात, तसल्या रेच्यांच्या रांगेपुढे तो वीस-बावीस वर्षं उभा राहिला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू असायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की कापूस कानात जाऊन बसतो म्हणून त्याला आमची हाक ऐकू येत नाही. माय त्याचे कान तेल घालून पुसायची आणि मी बाजूला बसून वाट बघायची, आता निघेल कापूस, आता ऐकू येईल.

बारीक आवाज आधी गेले. चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली, बांगड्या गेल्या. मग बायापोरींचं बोलणं गेलं. जाड आवाज तेवढे राहिले: मालगाडी, ढग, ढोलकीचा घुमारा. घरात रोजच्यापुरतं खुणांवर भागायचं, आणि काही महत्त्वाचं सांगायचं तर ओरडून सांगायला लागायचं. ओरडलं की अख्ख्या वस्तीला कळायचं. त्यामुळे आमच्या घरात पुष्कळ गोष्टी बाला सांगायच्याच राहून गेल्या.

बाकडे एक झांज होती. काशाची जोडी, जेवायच्या ताटलीएवढी, मधे उभार वाटी. वस्तीत पूर्वी भजनी मंडळ होतं, त्यातली. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, आणि त्यानंतर घराघरातले देव टोपल्यांत भरून मोर्णा नदीवर नेले. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. टोपल्या निघाल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, झांजही टाका यात, ती पण देवाचीच. बाने झांज छातीशी धरली. म्हणाला, "झांज काय कोनाची पूजा करते? ते काशाची हाये. वाजोली तं वाजते." लोक हसले आणि झांज राहिली. त्याच मंडळाची मग गायन पार्टी झाली. माणसं तीच, ढोलकी तीच, पेटी तीच, गाणी मात्र सगळी नवी. त्या गाण्यांत शब्द हेच सगळं होतं. आपण कोण होतो, आता कोण आहोत, पोरांना शाळेत का घालायचं, हे सगळं त्यात असायचं. खेड्यापाड्यांतून लोक ते शब्द ऐकायला चालत यायचे.

झांज वाजवणाऱ्याचं खरं काम वाजवण्यात नसतं, ती मिटवण्यात असतं. मारली की ती गात सुटते. शब्द सुरू व्हायच्या आत ती छातीला लावून गप्प करायची. बा हे इतकं अलगद करायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा प्रत्येक ओळीला नमस्कार करतोय. पण तो गोड, बारीक गुंजारव त्याला ऐकू येईना झाला, आणि जे ऐकूच येत नाही ते मिटवणार कसं? तो मारायचा आणि झांज मोकळी सोडून द्यायचा. गुरुजी गात असायचे आणि त्यांच्या शब्दांवर काशाची झाक पसरलेली असायची, ओळीमागून ओळ.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले होते. आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ह्यांना जवळचं दिसायचं नाही आणि चष्मा लावायची लाज वाटायची. म्हणून कथलाचे बारीक डाग मीच द्यायची. आधी पडदा ओढून आत बसून, मग लोक गेले चुलीत म्हणून पुढे बसून. गिऱ्हाईक बघत राहायचं. एकदा एक जण म्हणाला, बाईच्या हातचा रेडिओ चालेल का? मी म्हटलं, बाईच्या हातचं जेवण चालते ना तुम्हाला? त्यानंतर तो कायमचं गिऱ्हाईक झाला.

तर एके दिवशी दुकानात गुरुजी आले. गुरुजी म्हणजे पार्टीचे मुख्य गायक, अकोल्याच्या शाळेत मास्तर, बाच्याच वयाचे. चहा घेतला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या बाले एक गोष्ट सांगा लागते. वैशाखी पौर्णिमेचा कार्यक्रम मोठा हाये. झांज आमी दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हनतो."

"मग द्या की. मले काहून सांगून राहिले?"

"आमच्याच्यानं सांगवत नाही."

अस्सा राग आला मला. म्हटलं, "गुरुजी, अख्ख्या जिल्ह्याले गान्यातून सांगत फिरता, आन् एका मानसाले सांगवत नाही?" डोळे भरले होते त्यांचे. मग मला समजलं. ही कानात सांगायची गोष्ट होती, आणि बाला कानात काही सांगता येत नव्हतं. ओरडून सांगितली असती तर चार घरांनी ऐकली असती. झांज गेली असती ती गेली असती, वर माणसाची इज्जत गेली असती.

मी म्हटलं, "पौर्णिमेपरेंत थांबा. मी त्याचे कान करून देतो." बोलून गेले. माझं असंच आहे, आधी तोंड, मागून डोकं.

आमचे हे शांत माणूस. रात्री जेवताना म्हणाले, "कान कशाचे करणार?" मी म्हटलं, "ते तुम्ही सांगा, मेकॅनिक तुम्ही." ते हसले आणि सकाळी माळ्यावरून एक तुटका रेकॉर्ड प्लेयर काढला. त्याच्या सुईच्या डोक्यात क्रिस्टल असतो. जराशी हालचाल झाली की त्यातून बारीक वीज निघते, ती रेडिओत गेली की मोठी होऊन आवाज होतो. तो क्रिस्टल सुईऐवजी झांजेला चिकटवायचा, दुसरं टोक रेडिओच्या मागच्या भोकात घालायचं, आणि रेडिओतून बाच्या कानाला दोन काळे डबे, म्हणजे हेडफोन, पलटणीतले, नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेले. ऐकायला किती सोपं.

प्लेयर होता कलकत्त्याच्या एका कंपनीचा आणि रेडिओ एका जर्मन कंपनीचा. एकीच्या पिना जाड आणि लांब लांब, दुसरीची भोकं बारीक आणि चिकटून. आमचे हे म्हणाले, "दोन्ही आपापल्या माहेरचा तोरा घेऊन आल्या आहेत. एका चुलीवर आणणं कठीण." पिना मी सरळ कापून टाकल्या. वायरी सोलल्या तर दोन्ही एकाच रंगाच्या. उलट्या जोडल्या तेव्हा रेडिओ गांधीलमाशीसारखा गुणगुणत राहिला. सुलट्या जोडल्या तर तपासायला मागून आणलेल्या झांजेला बोट लागलं तरी रेडिओचा आवाज फाटायला लागला, कारण क्रिस्टलची वीज त्याला झेपेना. मधे वीज कमी करणारा एक रेझिस्टन्स घातला, तो कमी पडला, दुसरा घातला. मेणाने क्रिस्टल झांजेच्या काठाला चिकटवला तर झांज मुकी झाली. मधल्या वाटीजवळ चिकटवला तेव्हा बोलायला लागली. डाव्या हातातल्या झांजेला लावायचं ठरवलं, कारण बा डावा हात स्थिर ठेवतो आणि उजव्याने मारतो. बाच्या अंगाशी वायर येणार म्हणून ह्यांनी रेडिओ तीन वेळा तपासला. मला म्हणाले, वीज झांजेत उतरली तर तुझा बाप माझ्या नावाने बोंबलेल. ह्या सगळ्यात अकरा दिवस गेले. घरात भाजी दोनदा करपली.

बाला मी अमरावतीला बोलावून घेतलं. सोबत झांज घेऊन ये म्हणून कार्ड टाकलं. तो आला, बडनेऱ्याला गाडी बदलून, झांज धोतराच्या फडक्यात बांधून. दुपार होती. वैशाखाच्या उन्हात रस्ता पांढरा पडला होता, आणि दुकानाची फळी अर्धी लावून आत आम्ही तिघंच. मी त्याच्या कानांवर डबे बसवले. त्याच्या डाव्या झांजेच्या वाटीजवळ क्रिस्टल चिकटवला. त्याने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि जावयासमोर उगीच कशाला वाद म्हणून झांज एकदा हलकेच मारली.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो हलेना. आम्हाला नुसती झांज ऐकू येत होती, आणि ती कधीच विरली होती. पण त्याच्या कानांत ती चालूच होती, कारण क्रिस्टल शेवटचा कंपसुद्धा सोडत नाही. तो कुठेतरी लांब बघत होता, भिंतीच्या पलीकडे. बऱ्याच वेळाने म्हणाला, "गेली." मग पुन्हा मारली. पुन्हा तसाच बसला. फळीच्या फटीतून उन्हाची पट्टी येत होती आणि त्यात धूळ तरंगत होती, जिनात कापूस तरंगतो तशी. मला वाटलं ही दुपार संपूच नये. किती वेळ तो मारत होता आणि ती जाईपर्यंत तिच्या मागे जात होता, मला सांगता येणार नाही. ह्यांनी त्या दिवशी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही.

शेवटी बा म्हणाला, "जवाईबापू, हे तं पह्यलेसारखीच हाये. मले वाटलं म्हातारी झाली असन."

आमची चूक तिथेच झाली होती आणि दोघांनाही ती दिसली नाही. रेडिओवाल्यांच्या घरात एकच विद्या असते: जे वाजत नाही ते वाजतं करायचं. झांज ऐकू येत नाही ना, मग झांज ऐकवली. पार्टीला काय हवं होतं, हे मी गुरुजींच्या तोंडून ऐकूनही विसरले होते. त्याला हसताना बघितलं आणि मला वाटलं, झालं काम.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मी सगळं सामान घेऊन अकोल्याला गेले. हे दुकान सोडून येऊ शकले नाहीत. रेडिओ मांडीवर, काळे डबे पिशवीत, आणि क्रिस्टल पदराच्या टोकाला, कारण तो एका जातीच्या मिठाचाच असतो, तापला की मरतो. मूर्तिजापूरपर्यंत मी पदराला वारा घालत होते. समोरची बाई म्हणाली, काय अंगारा आहे का? मी म्हटलं, हाव.

पार्टीची तालीम वस्तीतल्या समाजमंदिरात व्हायची. पत्र्याची एक खोली, सतरंजी, भिंतीवर दोन तसबिरी. वीज होती ती एका बल्बपुरती. बल्ब काढून त्याच होल्डरमधून रेडिओला वायर घेतली. गुरुजी पेटीवर बसले. ढोलकीवर माझा चुलतभाऊ होता. बा मधे बसला, नवं धोतर नेसून, कानांवर काळे डबे. दारात पोरं जमली होती, आणि बाहेर नळावर बाया पाणी भरत होत्या. पार्टीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आज काय ठरायचं आहे. एका बालाच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं होतं, पोरगी नवं यंत्र दाखवायला आली.

पहिलं कडवं झक्क झालं. बाने मारली, ऐकली, आणि गुरुजींच्या ओठांकडे बघत बरोबर शब्दाच्या आधी छातीला लावली. गुरुजींनी गाता गाता माझ्याकडे बघून मान हलवली. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, बघा, मी म्हटलं होतं की नाही.

दुसऱ्या कडव्यात तो जरा उशिरा मिटवायला लागला. तिसऱ्यात त्याने डोळे मिटले. डब्यांमुळे त्याला जो थोडाफार ढोलकीचा घुमारा ऐकू यायचा तोही बंद झाला होता. त्याच्या कानांत आता ना ढोलकी, ना पेटी, ना गुरुजी. फक्त झांज होती. ती तो संपेपर्यंत ऐकायचा आणि संपली की पुन्हा मारायचा. ताल त्या झांजेच्या श्वासाचा झाला, गाण्याचा राहिला नाही. गुरुजी दोन ओळी रेटून गायले आणि थांबले. मग ढोलकी थांबली. बा थांबला नाही. एकटा वाजवत राहिला, मान जराशी तिरपी, ओठांवर हसू. असं सुखी मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. खोलीत पंधरा माणसं होती आणि सगळी खाली सतरंजीकडे बघत होती. मग एकेक करून माझ्याकडे बघायला लागली. वायर माझी होती ना.

मी उठले. जाऊन त्याच्यासमोर बसले आणि हात झांजेवर ठेवला. कासं कोमट होतं. तळव्याखाली ते थरथरलं आणि गप्प झालं.

त्याने डोळे उघडले. "काहून?" मग त्याने गुरुजींचं मिटलेलं तोंड बघितलं. ढोलकीवर नुसते पडलेले हात बघितले. तो खुळा नव्हता.

"कवापासून थांबले हे?"

ढोलकीवाल्या भावाने बोटांनी सांगितलं, तिसऱ्या कडव्यापासून.

बाने जरा विचार केला. मग मला विचारलं, बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा मोठ्याने, "पह्यलेबी असंच होत होतं का?"

बाहेर नळावरची बडबड थांबली होती. आता मी ओरडून काय सांगणार होते? माझा एक हात अजून झांजेवर होता. हात काढला आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली वाकले, ओठ क्रिस्टलवाल्या झांजेच्या काठाजवळ नेले आणि हळूच म्हटलं, "हाव, बा."

त्याचा हात झटक्यात डब्यावर गेला. त्याने दाराकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं, मग झांजेकडे, मग माझ्या ओठांकडे.

"तू बोल्ली?"

मी पुन्हा वाकले. "हाव. मीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुहा आवाज मोठ्या बाईचा झाला वो."

मी सव्वीस वर्षांची होते, एका लेकराची आई. माझा शेवटचा धड आवाज त्याने ऐकला तेव्हा मी परकरात असेन. मला रडू फुटलं. आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून त्याच्या कानांत पहिली गोष्ट काय गेली, तर ही.

"पुन्हा म्हन," बा म्हणाला.

"काय?"

"तेच. जे सांगून राहिली ते सगळं सांग."

मग मी सांगितलं. काशाच्या ताटलीत तोंड घालून, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू. दोन वर्षं झाली बा, तुही झांज मिटत नाही. लोकाइले शब्द आयकू येत नाहीत. गुरुजी मायाकडे आले होते, रडले. त्याइले सांगवलं नाही, मलेबी सांगवलं नाही. म्हनून हे यंत्र केलं, तं तेही चुकलंच. त्याने सगळं डोळे मिटून ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही.

मग उजव्या हातातली झांज त्याने ढोलकीवाल्यापुढे ठेवली आणि गुरुजींना म्हणाला, "लय गोड हाये हे, गुरुजी, आज मले समजलं. पन गान्यात बसत नाही. पौर्णिमेले मी समोर बसतो, लोकात. तुमी शब्द सांभाळा." गुरुजी काहीतरी म्हणाले, असं कसं, तुमच्याशिवाय पार्टी कशी. ते त्याला ऐकू गेलं नाही, आणि बरंच झालं.

मी सामान आवरायला लागले. क्रिस्टल काढायला हात घातला तर त्याने डावी झांज मागे घेतली. म्हणाला, "थांब ना. घाई काय हाये?" आणि ती माझ्या तोंडासमोर धरली.

"आता काय सांगू, बा?"

"कायचंबी सांग. पोराचं सांग. जवाईबापूचं सांग. माय गेली तवा काय बोल्ली होती, ते सांग. मले तवा आयकू नाही आलं."

माणसं एकेक करून उठून गेली. गुरुजींनी पेटीवर फडकं टाकलं आणि दार लोटून घेतलं. पत्र्यावरचं ऊन उतरेपर्यंत मी त्या झांजेत बोलत राहिले, दहा वर्षांचं. बा ती दोन्ही हातांनी धरून बसला होता. मी थांबले की म्हणायचा, "आन् मंग?"